त्रयस्थ लायब्ऱ्यांमधील सुरक्षा त्रुटी : अपग्रेडचा क्रम कसा ठरवावा?

गायत्रीनगर (धागाकर्ता) :

नमस्कार. आमचा छोटा गट नागपुरात रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. धंतोली आणि रामदासपेठ भागातील काही रुग्णालयांची नोंदणी, बिले आणि पॅथॉलॉजीचे अहवाल त्यावर चालतात. सर्व्हरची बाजू जावा ८ आणि स्प्रिंग बूट २.७ (जावातील तयार आराखडा) वर आहे, तर वापरकर्त्याला दिसणारी बाजू रिअ‍ॅक्टमध्ये आहे. यंदा एका रुग्णालयाने बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घेतली. त्यांनी दिलेल्या, माहीत असलेल्या सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरच्या अहवालात ‘क्रिटिकल’ आणि ‘हाय’ या दोन वर्गांतल्या नोंदींची लांबलचक यादी आहे. त्यांतील बहुतेक लायब्ऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आम्ही निवडलेल्याच नाहीत. आम्ही निवडलेल्यांच्या पाठोपाठ त्या आल्या. ऑडिटरची मागणी मात्र एका वाक्याची आहे : सर्व नोंदी शून्यावर आणा.

या मागणीला माझा विरोध नाही. आमच्या डेटाबेसमध्ये लोकांच्या आजारांची माहिती आहे आणि ती बाहेर गेली तर कोणत्याही पॅचने परत आणता येणार नाही. परंतु सर्व काही एकदम बदलावे, तर बिलिंग बंद पडण्याची भीती आहे, आणि रुग्णालयाचे बिलिंग मध्यरात्रीही थांबवता येत नाही. सुरुवात कोठून करावी, कोणती नोंद आधी आणि कोणती नंतर घ्यावी, आणि ऑडिटरला लेखी काय कळवावे, याबद्दल अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

फुटाळा :

एकही आवृत्ती बदलण्याआधी डिपेन्डन्सींचे, म्हणजे कोणती लायब्ररी कोणामुळे आली याचे, पूर्ण झाड काढा. जावाच्या बाजूला मेव्हनमध्ये ‘डिपेन्डन्सी ट्री’ आणि जावास्क्रिप्टच्या बाजूला एनपीएममध्ये ‘एलएस’ या आज्ञा त्यासाठीच आहेत. ऑडिटरच्या यादीतील प्रत्येक लायब्ररी त्या झाडाच्या कोणत्या फांदीवर आहे, हे तिच्यासमोर लिहा. असे केले की बऱ्याच वेळा दिसते की यादी लांब असली तरी मुळे थोडीच आहेत, आणि एक पालक लायब्ररी पुढे नेली की तिच्याखालच्या कितीतरी नोंदी आपोआप मिटतात.

डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीची त्रुटी, म्हणजे जाहीर त्रुटींच्या यादीतील सीव्हीई-२०२१-४४२२८, जाहीर झाली तेव्हा तिला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले होते. तरीही अनेक गटांचे पहिले काही दिवस ‘ही लायब्ररी आपल्याकडे आहे का’ या एकाच प्रश्नात गेले. ती दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर बसून आली होती आणि कधी कधी एका जार फाइलच्या (जावाच्या कोडचे गाठोडे) आत दुसऱ्या जारमध्ये दडलेली होती. याची दुसरी बाजूही त्या वेळी दिसली. स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक ही दुसरी लॉग लायब्ररी वापरते; त्यासोबत लॉगफोरजेचे एपीआय जार येत असले तरी त्रुटी असलेले ‘कोअर’ जार आपण मुद्दाम घेतल्याशिवाय येत नाही. केवळ नावावरून शोधणाऱ्या स्कॅनरांनी मात्र एपीआयचे जार दिसताच लाल शेरा मारला.

मेव्हनबाबत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. एकच लायब्ररी दोन वाटांनी दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत येत असेल, तर मेव्हन झाडाच्या मुळापासून जी जवळ असेल ती आवृत्ती उचलतो. ती जुनी असली तरी तीच घेतली जाते. ग्रेडल (दुसरे बिल्ड साधन) मात्र सर्वसाधारणपणे सर्वांत वरची आवृत्ती घेतो. त्यामुळे पॉम फाइलमध्ये (मेव्हनची आवृत्त्यांची नोंद) बदल केला म्हणजे काम झाले असे समजू नका. बिल्ड झाल्यावर अंतिम जार उघडून आत खरोखर कोणती फाइल बसली आहे ते पाहा. स्प्रिंग बूट पालक म्हणून वापरत असाल तर लायब्ररीची आवृत्ती वेगळी लिहिण्यापेक्षा स्प्रिंग बूटने त्यासाठी ठेवलेला प्रॉपर्टी बदलणे चांगले, म्हणजे जॅक्सनसारख्या कुटुंबातील सर्व जार एकत्र पुढे सरकतात.

महाल :

फुटाळा यांनी सांगितलेली पहिली पायरी योग्य आहे. दुसऱ्या पायरीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘सर्व शून्यावर आणा’ या आदेशात एक गृहीतक आहे आणि ते तपासायला हवे.

स्कॅनर दाखवतो ते सीव्हीएसएसचे मूळ गुण त्रुटीची तीव्रता सांगतात. ती त्रुटी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, तुमच्या वापरात, कोणाला गाठता येईल का, हे ते गुण सांगत नाहीत. यामल स्वरूपाच्या फाइली वाचणाऱ्या स्नेकयामल लायब्ररीचे उदाहरण घ्या. सीव्हीई-२०२२-१४७१ ही त्रुटी गंभीर आहे, कारण परक्या माणसाने पाठवलेली यामल फाइल त्या लायब्ररीने वाचली तर तिच्यातून हवे ते ऑब्जेक्ट तयार करता येतात आणि त्यातून सर्व्हरवर कोड चालवता येतो. परंतु स्प्रिंग बूट २.७ ही लायब्ररी तुमच्याच सेटिंगची फाइल वाचण्यासाठी वापरते. ती फाइल तुम्ही लिहिलेली असते. ती बदलण्याइतका प्रवेश ज्याला मिळाला, त्याला या त्रुटीची गरजच उरत नाही. उलट तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी यामल अपलोड करू शकत असेल, तर हीच नोंद यादीत सर्वांत वर जायला हवी.

क्रम लावताना मी तीन गोष्टी पाहतो. अमेरिकेची सिसा ही सायबर सुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीतील काही आपल्याकडे सापडले तर चर्चा न करता ते प्रथम बदलावे. त्यानंतर ईपीएसएस पाहावे, जे नजीकच्या काळात त्या त्रुटीचा गैरवापर होण्याची शक्यता आकड्यात मांडते. शेवटी ती लायब्ररी बाहेरून आलेल्या मजकुराला हात लावते का, ते पाहावे. लॉगिनपूर्वीच्या पानांवर, फाइल अपलोडमध्ये आणि बाहेरच्या यंत्रणांशी बोलणाऱ्या भागात जे काही बसले आहे, ते आधी घ्यावे.

ज्या नोंदी तूर्त बदलणार नसाल, त्या प्रत्येकीसमोर कारण, तारीख आणि पुन्हा तपासण्याची मुदत लिहून ऑडिटरला द्या. अशा निवेदनासाठी व्हेक्स नावाचा प्रमाणित आराखडाही उपलब्ध आहे. चांगला ऑडिटर लेखी कारण स्वीकारतो.

सक्करदरा :

महाल यांच्या विवेचनाचा आदर ठेवून मी वेगळे मत नोंदवतो. ‘आपल्याकडे ही त्रुटी गाठता येत नाही’ हे सिद्ध करायला जितका वेळ जातो, तितक्या वेळात बहुतेक वेळा किरकोळ आवृत्ती बदलून, चाचण्या चालवून काम पूर्ण होते. शिवाय ते सिद्ध केलेले आजपुरते असते. पुढच्या महिन्यात गटातील एखादा नवा सहकारी त्याच लायब्ररीने बाहेरची फाइल वाचायला लागतो आणि जुन्या निवेदनाची कोणालाच आठवण राहत नाही.

इक्विफॅक्स या लोकांची पतमाहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे प्रकरण मी गटातील प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. अपाची स्ट्रट्स या जावा आराखड्यातील सीव्हीई-२०१७-५६३८ या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ च्या पहिल्या आठवड्यात उपलब्ध झाली होती. हल्लेखोरांनी मे महिन्यात त्याच त्रुटीतून आत शिरून जुलैअखेरपर्यंत माहिती नेली आणि सुमारे १४.७ कोटी लोक त्याच्या कचाट्यात सापडले. त्यांच्याकडे पॅच लावण्याची सूचना अंतर्गत पातळीवर गेलीही होती. जे पोर्टल फुटले त्यावर स्ट्रट्स आहे, हे त्यांच्या तपासणीत सापडले नाही. म्हणून मी फुटाळा यांच्या झाडाला प्रथम स्थान देतो, आणि त्यानंतर थेट अपग्रेडला.

आता धागाकर्त्यांच्या खऱ्या अडचणीकडे येतो, कारण ती अजून कोणी स्पष्ट बोललेले नाही. स्प्रिंग बूट २.७ चा मुक्त पाठिंबा नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. त्यामुळे यापुढे जी त्रुटी सापडेल तिची दुरुस्ती तुमच्या शाखेवर मोफत मिळणार नाही. आज यादी शून्यावर आणली, तरी काही महिन्यांत ती पुन्हा भरेल. ३.x वर जाणे टाळता येणार नाही, आणि त्यासाठी जावा १७ लागते.

हा प्रवास एका उडीत करू नका. २.७ जावा १७ वर चालते, म्हणून प्रथम फक्त जावा बदला आणि काही आठवडे प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) राहू द्या. त्याच काळात २.७ मध्ये ‘कालबाह्य’ म्हणून दाखवलेल्या सर्व पद्धती काढून टाका. स्प्रिंग सिक्युरिटीचा जुना अ‍ॅडॅप्टर वर्ग सहाव्या आवृत्तीत उरलेलाच नाही, त्यामुळे ते काम आधीच उरकलेले बरे. नंतर ३.x घ्या. तेव्हा ‘जाव्हॅक्स’ने सुरू होणारी अनेक पॅकेजेस ‘जकार्ता’ या नावाने बदलावी लागतात. हा भाग कंटाळवाणा असला तरी ओपनरीराइटसारखे साधन त्यातील बराचसा भाग करून देते. खरे धोके शांतपणे येतात. डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेट ६ मध्ये काही प्रकारच्या स्तंभांचे आणि क्रमांक देण्याच्या पद्धतीचे नियम बदलले आहेत. स्प्रिंग ६ मध्ये यूआरएलच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर तो पत्ता आता वेगळा मानला जातो. तुमच्या मोबाइल अ‍ॅपने किंवा पॅथॉलॉजीच्या एखाद्या दुव्याने अशी रेघ लावली असेल, तर कंपाइलर काहीही तक्रार करणार नाही आणि सकाळी डॉक्टरांना अहवाल दिसणार नाही. स्प्रिंग बूट ४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आहे; तिच्याकडे जायचे असले तरी ३.५ वर थांबूनच पुढे जावे, असा स्प्रिंगच्या संघाचाही सल्ला आहे.

जरीपटका :

मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहे. वरील चर्चा वाचून एक प्रश्न पडला. जुने राहण्यातच धोका असेल, तर डिपेन्डाबॉट किंवा रेनोव्हेट ही नव्या आवृत्त्या आपोआप सुचवणारी साधने लावून नवी आवृत्ती आली की ती आपोआप विलीन होऊ द्यावी, असे का करू नये?

फुटाळा :

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर अलीकडच्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी नवी आवृत्ती म्हणजे फार तर काहीतरी मोडेल, इतकीच भीती होती. आता नव्या आवृत्तीतच विष असू शकते. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजची देखभाल मूळ लेखकाने एका अनोळखी मदतनिसाकडे सोपवली आणि त्याने त्यात बिटकॉइनच्या एका वॉलेटला लक्ष्य करणारी दुसरी लायब्ररी घुसवली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकुचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा सापडला. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवरील) लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे एका अभियंत्याच्या ध्यानात आल्यामुळे तो सापडला. सप्टेंबर २०२५ मध्ये एका देखभालकर्त्याला फसव्या ईमेलने गाठून चॉक आणि डीबगसारख्या अत्यंत वापरातल्या पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या गेल्या. त्या काही तासांतच काढल्या गेल्या, परंतु त्या काही तासांत ज्यांनी आपोआप नवीन ते घेतले, त्यांच्या बिल्डमध्ये त्या शिरल्या.

म्हणून आम्ही नेहमीच्या अपग्रेडसाठी काही दिवसांची प्रतीक्षा ठेवतो. रेनोव्हेट, डिपेन्डाबॉट आणि पीएनपीएम या तिघांतही ‘इतके दिवस जुनी झाल्याशिवाय आवृत्ती घेऊ नका’ अशी सेटिंग आहे. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र ही प्रतीक्षा लागू करायची नाही. तेथे माणसाने बदलांची नोंद वाचून त्याच दिवशी निर्णय घ्यायचा. लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदणारी) रिपॉझिटरीत ठेवा आणि बिल्ड सर्व्हरवर ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’ ही आज्ञा वापरा, म्हणजे लॉक फाइलमध्ये लिहिले आहे तेच आणि तेवढेच उतरते.

सुरक्षेची दुरुस्ती त्याच दिवशी घेतली तरी तेथे थांबता येत नाही, हेही लॉगफोरजेने दाखवले. २.१५.० ने पहिली त्रुटी बुजवली, ती अपुरी ठरली म्हणून २.१६.० आली, मग सेवा ठप्प पाडणाऱ्या त्रुटीसाठी २.१७.० आणि डिसेंबर संपता संपता २.१७.१. ज्यांची बिल्ड आणि चाचणी एका बटणावर होती, त्यांनी हे चारही बदल वेळेत केले. धागाकर्त्यांनी यादीला हात घालण्यापूर्वी पहिले काही दिवस बिलिंगच्या स्वयंचलित चाचण्या लिहिण्यात घालवावेत, असे मी आग्रहाने सुचवतो. बिल तयार होणे, आगाऊ रक्कम वळती होणे, विम्याचा भाग वेगळा निघणे आणि बिल रद्द होणे, इतक्या वाटांची खात्री झाली की उरलेले अपग्रेड कमी भीतीने करता येतील.

वाडी नाका :

मी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे एवढीच भर घालतो. अहवालात ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेजांच्या नोंदी असतील, तर त्या वेगळ्या काढा. डेबियन, उबंटू आणि रेड हॅट हे वितरक जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती बसवून देतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतील हार्टब्लीड त्रुटीच्या वेळी तिच्या मूळ प्रकल्पाने १.०.१जी काढली, पण डेबियनने १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून दुरुस्ती दिली आणि शेवटी जोडलेला आपला क्रमांक वाढवला. केवळ पुढचा आकडा पाहणारा स्कॅनर अशा ठिकाणी खोटी नोंद देतो. वितरकाच्या सुरक्षा पानाचा दाखला जोडला की ऑडिटर अशा नोंदी बंद करतात. बाहेरून ओपनएसएसएल कंपाइल करून बसवण्याच्या फंदात कृपया पडू नका, कारण त्या दिवसापासून त्याची प्रत्येक दुरुस्ती तुमच्या गळ्यात येते.

गायत्रीनगर (धागाकर्ता) :

सर्वांचे मनापासून आभार. झाड काढले. यादीतील मोठा भाग रिअ‍ॅक्टच्या बाजूचा निघाला आणि त्यातील बहुतेक नोंदी बिल्डचे साधन असलेल्या रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्सच्या खालच्या आहेत. एनपीएमचे ऑडिट ‘फिक्स’ला ‘फोर्स’ जोडण्याचा सल्ला देते. तो मानावा का?

महाल :

मानू नका. ‘फोर्स’ मुख्य आवृत्तीची मर्यादा ओलांडते, आणि कधी कधी त्रुटी नसलेली आवृत्ती शोधताना पॅकेज पुढे नेण्याऐवजी मागे नेते. रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्सच्या बाबतीत हे अनेकांनी पाहिले आहे.

त्या नोंदी काय आहेत ते पाहा. एनटीएच-चेकसारख्या लायब्ररीतील त्रुटी अशी आहे की विशिष्ट रचनेचा मजकूर दिला तर तिचे गणित फार वेळ चालते. तुमच्याकडे ती बिल्डच्या वेळी तुमचाच कोड वाचते. रुग्णालयाच्या ब्राउझरपर्यंत ती जात नाही. बिल्डची साधने वगळून ऑडिट चालवा, म्हणजे वापरकर्त्यापर्यंत पोहोचणाऱ्या नोंदी वेगळ्या दिसतील. रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स पॅकेज.जेसन फाइलमध्ये सहसा ‘डेव्ह’ विभागात नसते, मुख्य विभागात नोंदलेली असते. तिला तेथून हलवल्याशिवाय हा फरक दिसणार नाही. मात्र याचा अर्थ बिल्डची साधने सुरक्षित मानावीत असा नाही. विषारी पॅकेज बिल्डच्या यंत्रावरच चालते आणि सर्व्हरच्या किल्ल्या तेथेच असतात. अशी नोंद दिसली तर ती सर्वांत आधी घ्यावी.

यावरचा टिकाऊ उपाय वेगळा आहे. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप (रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स त्याचाच भाग आहे) फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. व्हाइट या दुसऱ्या बिल्ड साधनावर गेलात तर ती संपूर्ण फांदीच झाडावरून निघून जाईल, आणि तुमच्या आकाराच्या प्रकल्पासाठी ते काम स्प्रिंगच्या कामापेक्षा पुष्कळ लहान आहे.

सक्करदरा :

येथे मी महाल यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

कराराचाही विषय काढतो, कारण आपल्या गावातील बहुतेक छोट्या कंपन्या येथेच अडकतात. कळमन्यातील अडत्यांचे हिशेब असोत की रुग्णालयांची बिले, आपण एकरकमी किंमत ठरवतो आणि नंतरच्या एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) ‘दोष दुरुस्ती’ इतकेच लिहितो. लायब्ररीतील त्रुटी हा आपल्या कोडचा दोष नसतो, ग्राहकाने मागितलेली नवी सोयही नसते, त्यामुळे तिचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलेलेच नसते आणि काम पडून राहते. पुढच्या नूतनीकरणात ‘त्रयस्थ घटकांचे सुरक्षा अपग्रेड’ असे स्वतंत्र कलम घाला, दर तिमाहीला ठरावीक तास धरा आणि तातडीच्या दुरुस्तीचा दर वेगळा लिहा.

ग्राहकाला भीती घालण्याची गरज नाही, नियम दाखवले तरी पुरतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वेही सर्ट-इनने प्रसिद्ध केली आहेत. सायक्लोनडीएक्सचे मेव्हन प्लगइन लावले तर प्रत्येक बिल्डसोबत ती यादी तयार होते. तीच ऑडिटरला द्या.

गायत्रीनगर (धागाकर्ता) :

आता आमचा क्रम असा ठरला आहे. बिलिंगच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. लॉगिन आणि अहवाल अपलोड या दोन भागांतील लायब्ऱ्या २.७ वर राहूनच जितक्या पुढे जातील तितक्या नेत आहोत. त्यानंतर व्हाइट, मग जावा १७, आणि शेवटी ३.५. उरलेल्या नोंदींचे लेखी निवेदन ऑडिटरला पाठवले असून त्यांनी टप्पे मान्य केले आहेत.

एक अडचण मात्र उरली आहे. पॅथॉलॉजीत रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला एक संगणक विंडोज ७ वर आहे, आणि त्यावर जावा १७ टाकायला यंत्राचा पुरवठादार परवानगी देत नाही. आमचा एक छोटा प्रोग्राम सिरीयल पोर्टवरून यंत्राचे निकाल वाचून सर्व्हरला पाठवतो. तोही स्प्रिंग बूट २.७ वरच बांधलेला आहे.

वाडी नाका :

विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला आहे, त्यामुळे त्या संगणकाला इंटरनेटपासून पूर्ण तोडा. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) ठेवा आणि त्याच्यापासून तुमच्या सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे जाणारी वाट मोकळी ठेवा. बाहेरून त्याच्याकडे येणारी कोणतीही जोडणी स्वीकारली जाऊ नये, रिमोट डेस्कटॉपसुद्धा नाही. पेन ड्राइव्हही बंद करा.

फुटाळा :

त्या प्रोग्राममध्ये स्प्रिंग नेमके काय काम करते ते पाहाल का? सिरीयल पोर्ट वाचणे आणि एचटीटीपीने निकाल पाठवणे, इतकेच असेल तर स्प्रिंगची गरज नसावी.

गायत्रीनगर (धागाकर्ता) :

पाहिले. सेटिंगची फाइल वाचणे, वेळापत्रकाने काम चालवणे आणि लॉग लिहिणे, यांपलीकडे स्प्रिंग तेथे काहीच करत नाही. आतील टॉमकॅट वेब सर्व्हरसुद्धा विनाकारण सुरू होतो आणि पोर्ट उघडतो. ही तिन्ही कामे जावा ८ च्या स्वतःच्या वर्गांनी होतात. सिरीयल पोर्टची एक लायब्ररी तेवढी ठेवून बाकी सर्व काढत आहोत. जावा ८ च्या मोफत वितरणांना अजून सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, त्यातील ताजी आवृत्ती त्या संगणकावर चालते का, याची पडताळणी पुरवठादाराच्या अभियंत्यासमोरच करणार आहोत. नवा प्रोग्राम जुन्याच्या शेजारी काही दिवस चालवून दोघांचे निकाल ओळीने ताडून पाहू, आणि पॅथॉलॉजिस्टनी सही केल्यावरच जुना बंद करू.